शनिवारची चावी

शनिवार, ३ जानेवारी २०२६. पिंप्राळा, जळगाव

योगेंद्र आणि सूनबाई हेमांगी परवा अमेरिकेला परत गेले. घर पुन्हा आमच्या दोघांचं झालं. जाताना पोरगं फडताळात चार बाटल्या ठेवून गेलं. नियमात बसतील अशा दोघांनी दोन-दोन आणल्या होत्या. चारही अमेरिकेतल्या सिंगल माल्ट व्हिस्की. मी म्हटलं, सिंगल माल्ट म्हणजे स्कॉटलंडची, बाकी सगळी नक्कल. तो म्हणाला, "आबा, गेल्या वर्षी तिकडच्या सरकारने कायद्यात व्याख्याच घातली. नुसतं जवाचं माल्ट, एकाच भट्टीतलं, सगळं काम अमेरिकेत."

व्याख्या म्हटल्यावर माझा वाद संपला. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासनीस होतो. काडतुसाची पितळी पुंगळी मापाच्या गेजमध्ये बसली तर पास, नाहीतर बाद. ज्याला व्याख्या आहे त्याची तपासणी होऊ शकते.

योगेंद्रचं तिकडे मित्रमंडळ आहे. ते डोळे झाकून चव घेतात, म्हणजे कुठल्या ग्लासात कुठली ते माहीत नसताना, आणि मार्क देतात. त्याला माझेही मार्क हवेत. दर शनिवारी, आठ शनिवार. मी निवृत्त झाल्यापासून माझं मत कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळे मी मान्य केलं. दारू पिण्याचा परवाना तर माझ्याकडे आजन्म आहे.

पद्धत अशी. बाटल्यांवर अ, ब, क, ड अशा चिकटपट्ट्या. स्वयंपाकघरात सुलक्षणा चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवणार, चार सारख्या ग्लासांत पंधरा-पंधरा मिली ओतणार, वर वाट्या झाकणार आणि वहीत चावी, म्हणजे कुठल्या ग्लासात कुठली बाटली ते, लिहून ठेवणार. मी बाहेरच्या खोलीत, योगेंद्रने सांगून ठेवलेल्या चवींवरून कुठल्या ग्लासात कुठली ते ओळखून लिहिणार. माझं लिहून झालं की ती चावी वाचणार. सुलक्षणा एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. बोर्डाचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, मार्कांची बेरीज एकदाही चुकली नाही. तिच्याइतकी खात्रीची चावी साऱ्या जिल्ह्यात मिळायची नाही.

पहिला ग्लास गोड, पिकलेल्या पेरूसारखा. दुसरा भाजलेल्या धान्याचा. तिसऱ्यात लाकडाचा भुसा आणि नाकाला झोंबणारा जोर. चौथ्यावरची वाटी काढली आणि मी थांबलोच. वेडी बाभूळ. आईची चूल. योगेंद्रने सांगितलं होतं, ब बाटलीतलं माल्ट तिकडच्या वाळवंटातल्या मेस्किट नावाच्या झाडाच्या धुरावर वाळवतात. फोटोत बघितलं तर आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड.

सुलक्षणाने वाचलं. पहिला ड, दुसरा अ, तिसरा क, चौथा ब. मी लिहिलेलं आणि हे अक्षरशः जुळलं. चारपैकी चार. ती म्हणाली, "पास." खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

शनिवार, १० जानेवारी

प्रेमराज आला होता. हा मूळचा साक्रीचा, माझ्याबरोबरच फॅक्टरीतून निवृत्त झाला, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला परीक्षेत धरण्यात अर्थ नाही, दिवसभर तपकीर ओढून त्याच्या नाकाची वाट लागली आहे. चार घोट घेतले आणि म्हणाला, "भाऊ, माले तं बठ्ठं एकच लागस." म्हणजे त्याला सगळं सारखंच.

मला मात्र दुसऱ्या ग्लासात धूर लागला. शंकाच नाही. मी दुसऱ्यापुढे ब लिहिलं आणि खाली रेघ मारली. सुलक्षणाने वाचलं तर ब चौथ्यात. मी म्हटलं, पुन्हा बघ. ती जरा चिडली. "वहीत लिहिलंय तेच वाचतेय ना मी?"

चारपैकी एक. सर्दी असेल.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सर्दी नाही. सकाळचा चहा घेतला तर साखरेचा पत्ता नाही. म्हणजे मला लागली नाही. प्रेमराज तिळगूळ द्यायला आला, त्यालाही त्याच पातेल्यातला दिला. तो मजेत प्याला, काही बोलला नाही. पण त्याला मधुमेह, तो तसाही बिनसाखरेचाच पितो, त्याला काय कळणार. मी सुलक्षणाला विचारणार होतो, साखर घातलीस का. नाही विचारलं. चाळीस वर्षं तिने माझ्या चहात दीड चमचा घातली आहे. शंका घ्यायची तर आपल्या जिभेवर घ्यावी.

फॅक्टरीत हाच नियम होता. माप आणि रजिस्टर जुळलं नाही तर आधी गेज तपासायचं. इथे गेज मी आहे.

शनिवार, १७ जानेवारी

वाईट. धूर पहिल्यात लागला. वर कहर म्हणजे पहिला आणि तिसरा मला हुबेहूब सारखे वाटले. दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळ्या गावच्या, आणि मला फरक कळत नाही? तीनदा नाक लावलं, मध्ये पाणी प्यालो, खिडकीत जाऊन आलो. तरी दोन्हीत धूर.

सुलक्षणा वाचायला लागली. मी मध्येच विचारलं, ब कुठे. चौथ्यात, एवढंच ऐकलं आणि वही बंद करायला सांगितली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "होतं असं. वय झालं आपलं." मला ते "आपलं" बरं वाटलं.

रविवार, १८ जानेवारी

योगेंद्रचा फोन. खोटे मार्क कळवणं माझ्या रक्तात नाही, सगळं सांगितलं. धूर भलत्याच ग्लासात लागतो, चहातली साखर कळत नाही. त्याने हे कधीपासून ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "आबा, घाबरू नका, पण वास कळेनासा होणं ही कधीकधी मेंदूच्या आजाराची सुरुवात असते. विसरायचा आजार. डॉक्टरांना दाखवा."

मी हो म्हटलं. सुलक्षणा शेजारीच होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, कुणाचा होता. मी योगेंद्रचा म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. माझ्या तोंडावरून तिला काहीतरी संशय आला असणार, उगीच का कोणी दोनदा विचारेल.

विसरायचा आजार. माझ्या मामांना झाला होता. शेवटी ते स्वतःच्या दारात उभे राहून घर कुठे आहे म्हणून विचारायचे. मरायची भीती मला नाही. पण सुलक्षणाच्या गळ्यात असं ओझं पडावं याची वाटते. रात्रंदिवस एका म्हाताऱ्याला सांगत बसायचं की हे तुझं घर, मी तुझी बायको. मला हे नको.

गुरुवार, २२ जानेवारी

भरिताची वांगी मिळाली. प्रेमराजने कपाशीच्या पऱ्हाट्या आणून गच्चीवर भाजून दिली. भाजण्याचा वास खालपर्यंत आला आणि मला स्वच्छ कळला, म्हणून आशेने ताटावर बसलो. पहिला घास घेतला तर मीठच मीठ. प्रेमराजने दोन घास खाऊन पोट भरल्याचं सांगितलं. हा माणूस एरवी चार भाकरी हाणतो. माझा चेहरा बघून त्याची भूक मेली असेल. सुलक्षणा माझ्याकडे बघत होती, म्हणून मी सगळं संपवलं आणि झकास झालंय म्हणालो. आता साखर लागत नाही आणि मीठ दुप्पट लागतं. अशी बिघडलेली गेज आम्ही भंगारात टाकायचो.

सोमवार, २६ जानेवारी

ठरवलं की डोकं ठिकाणावर आहे तोवर सुलक्षणाला सगळं शिकवून ठेवायचं. आज पाण्याची मोटर. बटण, वाल्व्ह, टाकी भरल्याचा आवाज. तीन गोष्टी आहेत, चौथी नाही. तीनदा दाखवलं. चौथ्यांदा तिने वाल्व्ह उघडायच्या आधी बटण दाबलं. माझा तोल गेला. "सातवीच्या पोरांना बीजगणित शिकवायचीस, आणि हे एवढं कळत नाही?"

ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. नंतर म्हणाली, "मला नका विचारत जाऊ असं एकदम. मला सुचत नाही."

मला स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं मोटर मीच लावली, तिला कधी हात लावू दिला नाही, आणि आता एका दिवसात सगळं यावं म्हणतो. पण जीव टांगणीला लागला आहे. माझं डोकं गेल्यावर हिचं कसं होणार?

शनिवार, ३१ जानेवारी

मधला शनिवार टाळला. आज बसलो. धूर तिसऱ्यात. चावीत चौथ्यात. प्रेमराज म्हणाला, "ते ब काय चौथ्यातच मुक्काम ठोकून बसलंय का?" मी त्याला सांगितलं, चिठ्ठ्यांचा खेळ असाच असतो, पडतो कधीकधी तोच आकडा. गणित सुलक्षणाचं आहे, माझं नाही. ती स्वयंपाकघरात वाट्या धूत होती. त्याच वाट्या तिने दुसऱ्यांदा धुवायला घेतल्या होत्या. स्वच्छतेचं वेड तिला पहिल्यापासून आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. धुळे

सुलक्षणाची धाकटी बहीण प्रमिलाबाई देवपूरला राहते. तिच्या मुलीचा साखरपुडा होता. पारोळ्याला एसटी थांबली तर सुलक्षणा पिशवी घेऊन उतरायला निघाली. मी हात धरून बसवलं. म्हणाली, "धुळं आलं ना?" लहानपणापासून हजारदा केलेला रस्ता. माझ्या काळजीने तिची झोप उडाली आहे, त्याचा हा परिणाम.

साखरपुडा आटोपल्यावर प्रमिलाबाईने मला अंगणात बाजूला घेतलं. डोळे भरले होते. "भाऊजी, अक्काकडे ध्यान द्या. तुम्हीच आहात आता तिला."

म्हणजे योगेंद्रने मावशीलाही माझ्याबद्दल कळवलं तर. मी म्हटलं, "जोवर मी शुद्धीत आहे तोवर देईन." ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण आहे, शांत आहे. त्याने माझे डोळे बांधले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग, कापूर, हिंग, कॉफी, रॉकेल, जिरं. बारा बाटल्या. मी बाराही सांगितल्या. मग जिभेवर थेंब टाकले. गोड, खारट, आंबट, कडू. चारही बरोबर.

डॉक्टर म्हणाला, "काका, तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. गडबड असेल तर ती तुमच्यात नाही."

माणसाने उड्या मारायला हव्यात. मी रिक्षात बसलो आणि हिशेब करत राहिलो. गेज बरोबर आहे. मग मोजलं ते काय?

घरी आलो. सुलक्षणाने चहा दिला. मी घोट घेतला. साखर नव्हती. या वेळी मी उठलो, डबा काढला, चमचाभर टाकली आणि पुन्हा प्यालो. गोड लागला. ती म्हणाली, "अहो, मी घातली होती की." मी म्हटलं, जरा जास्त हवी होती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रेमराजला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सातच्या सुमाराला सुलक्षणा स्वयंपाकघरात गेली. मी नेहमीसारखा खुर्चीत न बसता दाराच्या कडेला उभा राहिलो. आयुष्यात तिच्या मागे असा चोरून कधी उभा राहिलो नव्हतो.

तिने चार ग्लास मांडले. ब बाटली उचलली आणि पहिल्यात ओतली. मोजून, डोळ्यांच्या रेषेत धरून, गणिताच्या बाई ओततील तशी. मग बाटली हातात धरून उभी राहिली. बराच वेळ. ग्लासांकडे बघायची, बाटलीकडे बघायची. मग तीच बाटली तिसऱ्यात ओतली. ड दुसऱ्यात. चौथ्यातही ड. चिठ्ठ्यांची वाटी फडताळात होती, तिला तिने हात लावला नाही. वहीलाही नाही. वाट्या झाकल्या, साडीला हात पुसले आणि मोठा श्वास घेतला.

मी खुर्चीत येऊन बसलो. चारही ग्लासांना नाक लावलं. पहिला आणि तिसरा धूर. दुसरा आणि चौथा पेरू. कागदावर काही लिहिलं नाही. ती वही घेऊन आली, चष्मा लावला आणि वाचलं. पहिला ड, दुसरा अ, तिसरा क, चौथा ब.

ती पलीकडे आमटी बघायला गेल्यावर मी वही उघडली. पहिल्या पानावर ३ जानेवारी, तिचं मोत्यासारखं अक्षर, समासाची रेघ, चार ओळी. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. शेवटपर्यंत सगळी वही कोरी. सात आठवडे ती मला तेच एक पान वाचून दाखवत होती.

वना नावाचा एक कामगार होता फॅक्टरीत. न मोजता कालचेच आकडे आज लिहायचा. मी दुसऱ्याच दिवशी पकडला होता आणि साहेबांपुढे उभा केला होता. आणि इथे पाच आठवडे बिनसाखरेचा चहा प्यालो, खारट भरीत खाल्लं, पारोळ्याला तिचा हात धरून बसवलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच बाद करत गेलो. प्रेमराजला कळलं होतं. प्रमिलाबाईला कळलं होतं. घरात राहणाऱ्या तपासनीसाला कळलं नाही. जिन्यावर बसून तिने मला सांगितलं होतं, मला सुचत नाही. माझ्याच तोंडावर सांगितलं होतं.

ग्लास तसेच ठेवले. तिने जेवायला हाक मारली. मी गेलो.

रविवार, २२ फेब्रुवारी

गच्चीवर जाऊन योगेंद्रला फोन केला. तो तिकडे रडला. मी इकडे टाकीला टेकून उभा राहिलो. लाज वाटते लिहायला, पण लिहितो. सगळं कळल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, की मी नाही. आणि लगेच वाटलं, मीच असतो तर बरं झालं असतं. निदान चावी तरी शाबूत हातात राहिली असती.

बुधवार, २५ फेब्रुवारी

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ माझ्या नावाने घेतली होती. तिला म्हटलं, मला एकट्याला भीती वाटते, सोबत चल. डॉक्टरांना आधी फोनवर कल्पना दिली होती.

आत गेल्या गेल्या सुलक्षणाच बोलायला लागली. "डॉक्टर, यांचं नाक गेलंय. चहात साखर आहे की नाही कळत नाही. मला बाई यांची फार काळजी वाटते." डॉक्टर माझ्याकडे न बघता तिचंच ऐकत होते. मग म्हणाले, दोघांनाही काही सोपे प्रश्न विचारतो, चालेल ना?

पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. घड्याळ काढायला सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी चुकतमाकत केलं. सुलक्षणाच्या वर्तुळात सगळे आकडे एका बाजूला दाटीने बसले होते. त्र्याण्णवपर्यंत ती झटकन आली, मग थांबली. एकतीस वर्षं वजाबाकी शिकवलेली बाई. टेबलाखाली तिने माझा हात धरला होता आणि मला हळूच म्हणाली, "घाबरू नका, येईल तुम्हाला."

पुढच्या आठवड्यात मेंदूचा फोटो काढायचा आहे. ती पुढे गेल्यावर डॉक्टर मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, त्यांना आत्ताच एकदम काही सांगू नका, घरातला रोजचा क्रम मोडू नका. जे जमतंय ते करू द्या.

शनिवार, २८ फेब्रुवारी

गॅसजवळ आता मी उभा राहतो, जेवण शिकायचंय असं सांगून. ती मला फोडणी शिकवते. मोहरी तडतडू द्या, घाई करू नका, म्हणते. साखरेचा डबा माझ्या हाताशी ठेवला आहे.

दुपारी मी म्हटलं, या शनिवारी राहू दे आपलं ते. तिचा चेहरा पडला. "का? माझं काही चुकतं का?" मी म्हटलं, छे, तुझं काय चुकणार.

सातला ती आत गेली. मी दाराशी उभा राहिलो नाही. खुर्चीत बसलो. प्रेमराज समोर होता, त्याला आता सगळं माहीत आहे, तो खाली मान घालून तपकिरीच्या डबीशी चाळा करत होता. ग्लास आले. चारही ग्लासांत एकच वास होता. चुलीचा. वेड्या बाभळीचा. चारहीत.

मी कागद घेतला आणि लिहिलं. प्रेमराज बघत होता. सुलक्षणाने चष्मा लावला, वही उघडली, पहिलं पान. तिने एकेक ओळ वाचली आणि मी एकेक ओळीवर बरोबरची खूण केली. शेवटची ओळ झाल्यावर तिने माझा कागद ओढून घेतला, स्वतः ताडून बघितला, आणि तिचं तोंड इतकं उजळलं की मला तिकडे बघवेना. "बघा! मी म्हटलं नव्हतं? आलं की नाही नाक परत?"

चौतीस वर्षांत खोटी नोंद एकही केली नाही. ही इथे करतो आहे.

पहिला ड. दुसरा अ. तिसरा क. चौथा ब. चारपैकी चार. पास.